रविवारच्या पुस्तकात नसलेलं वाक्य

उणकल, हुबळी,
सोमवार, दुपार

प्रिय अप्पा,

तुम्ही गेल्याला वर्ष झालं. या वर्षात मी तुम्हाला एकही पत्र लिहिलं नाही. डायरी रोज लिहिली, तिच्यात तुमचं नाव पुष्कळदा आलं, पण थेट तुमच्याशी बोलले नाही. गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं मला जरा दिखाऊ वाटतं. तुम्हालाही वाटलं असतं. "पोस्टमन मला शोधणार कुठे?" असं विचारलं असतं तुम्ही.

तरी आज ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढून लिहायला बसले आहे, कारण तुमची एक चोरी सापडली आहे. चोरी म्हणू की तिच्या अगदी उलट काहीतरी, हे मला अजून ठरवता येत नाही.

रविवारच्या पुस्तकाची गोष्ट आहे.

तुमच्या लोखंडी कपाटात ते होतं. कॅलेंडरच्या जाड कागदाचं कव्हर, त्यावर निळ्या शाईत तुमच्या हाताने लिहिलेलं 'रविवारचं पुस्तक'. आत एका कन्नड कादंबरीकाराचे निबंध. देशाचं साहित्य कशाला म्हणायचं, ते कुठल्या भाषेत लिहिलं जातं, लेखक 'आपण' म्हणतो तेव्हा त्यात कोणाकोणाला धरतो आणि कोणाला बाहेर ठेवतो, असे विषय. रेल्वे वर्कशॉपमधल्या फिटरने हे पुस्तक कुठून आणि का विकत घेतलं, हे मी तुम्हाला कधीच विचारलं नाही. ही माझी पहिली चूक. पुढे आणखी येतील.

वर्कशॉपला रविवारी सुट्टी. विहारात वंदना झाली की बायका-पुरुष उठायचे नाहीत, तुमच्याकडे बघत बसायचे. तुम्ही चष्मा पुसायचात, पुस्तक उघडायचात आणि वाचायचात. मराठीत. तिथे बसलेल्या प्रत्येकाला कन्नड येत होतं. बाजारात, दवाखान्यात, कामावर कन्नडशिवाय चालतच नव्हतं. पण ते बोलण्याचं कन्नड. छापलेलं पुस्तक बहुतेकांनी कधी हातात धरलं नव्हतं, आणि विहारात बसलं की घरची भाषा बोलायची असा आपल्याकडे रिवाज. म्हणून तुमचं बोट कन्नड ओळीवरून फिरायचं आणि तोंडून मराठी यायची. एकदाही अडखळला नाहीत!

आम्ही मुलं दाराशी बसायचो. आम्हाला पान दिसायचं नाही, फक्त कव्हर दिसायचं. त्यावर मराठी अक्षरं, कॅलेंडरही मराठी, आणि तुम्ही सांगायचात ते लेखकाचं नाव असं की इकडेही चालेल, तिकडेही. म्हणून मी समजले की पुस्तक मराठी आहे. तेव्हा मी अकरा वर्षांची असेन. डायरी नुकतीच सुरू केली होती. रविवारी संध्याकाळी, जेवढी आठवतील तेवढी त्या पुस्तकातली वाक्यं मी डायरीत उतरवायची. वाक्याखाली लेखकाचं नाव. दोन वर्षांनी शिकवणी सुरू झाली, माझं विहारात येणं सुटलं. डायऱ्या राहिल्या.

त्यांतलं एक वाक्य तुम्हाला आठवतं का? आठवत असणारच.

"भाषा म्हणजे डबे. एक निळा, एक तांबडा. देशाचं साहित्य डब्यात शोधू नका, ते कपलिंगमध्ये असतं."

धारवाडला एम.ए. करताना मी या वाक्यावर अख्खा निबंध उभा केला. आमचे सर मळमड्डीत राहायचे. दुपारी त्यांच्या पडवीत बसून मी तो वाचून दाखवला. पहिल्याच पानावर मी लिहिलं होतं, "आपल्या मराठी निबंधकारांपैकी एक." सर इतके हसले की आतून त्यांच्या पत्नी बघायला आल्या.

"अहो, हे कन्नडातले मोठे कादंबरीकार! तुम्ही त्यांना परस्पर महाराष्ट्रात धाडलंत?"

मी संध्याकाळच्या बसने हुबळीला आले ती तुमच्याशी भांडायला. तुम्ही नुकतेच कामावरून आला होता. हाताला ग्रीस होतं, मोरीत राखेने हात घासत होता.

"अप्पा, ते पुस्तक कन्नड आहे? मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"कुणी विचारलं?"

"सगळ्यांसमोर हसं झालं माझं."

"सगळे म्हणजे किती?"

"दोघं."

"बरं. आणि तू कुठल्या भाषेत ऐकलंस?"

"मराठीत."

"मग तुझ्यापुरता तो मराठीतच लिहितो. सरांना सांग, फिटरने भाषा बदलून दिली."

मी रागाने दोन दिवस बोलले नाही. मग निबंधात 'मराठी' खोडून 'कन्नड' लिहिलं. वाक्य तसंच ठेवलं. मूळ पुस्तक उघडून ते पडताळून पाहावं, असं माझ्या मनातही आलं नाही. एवढी काटेकोर म्हणून स्वतःला मिरवणारी मी! खरं कारण सांगते. मी दुकानाच्या पाट्या आणि पेपर वाचू शकते, पण त्या पुस्तकाचं कन्नड मला जड जायचं आणि ते कबूल करायचं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला सरांनी त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली. "किती नेमकी प्रतिमा आहे बघा. हे कादंबरीकारालाच सुचतं."

मी घरी येऊन तो पूर्ण निबंध तुम्हाला वाचून दाखवला. सरांचं बोलणंही सांगितलं. कपलिंगचं वाक्य आलं तेव्हा तुम्ही मान खाली घालून ऐकत होता. संपल्यावर म्हणालात, "बरोबर लिहिलंस." आणि पाणी प्यायला उठलात.

अप्पा, तेव्हा का नाही बोललात?

कारण ते वाक्य पुस्तकात नाही. गेले दोन महिने मी रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी ते पुस्तक वाचते आहे. ओळीवर बोट ठेवून, शेजारी शब्दकोश, पहिलीतल्या मुलासारखी. डबे नाहीत, कपलिंग नाही, गाडीचं नावसुद्धा नाही. त्या लेखकाचं आयुष्य कॉलेजात शिकवण्यात गेलं. दोन डबे जोडणारं कपलिंग कसं धरतं आणि कसं सुटतं हे त्यांना कुठून कळणार? आपल्या घरात ते कळणारा एकच माणूस होता, आणि तो मोरीत हात घासत माझ्यासमोर बसला होता.

मला सर्वांत जास्त हे लागलं. तुम्ही फसवलंत याचं तेवढं नाही. चांगलं वाक्य आहे, म्हणजे ते पुस्तकातलंच असणार, असं मी धरून चालले. माझ्या बापाचं असेल अशी शंकासुद्धा मला आली नाही. लेखक 'आपण' म्हणताना कोणाला बाहेर ठेवतो, यावर मी वीस पानं लिहिली आणि त्या वीस पानांत तुम्हाला बाहेर ठेवलं.

मी हे पुस्तक आत्ताच का उघडलं, ते सांगते. विहारातली कमळाक्का, तुम्हाला अण्णा म्हणणारी, दोन महिन्यांपूर्वी घरी आली होती. गुडघे धरून तीन जिने चढली आणि दारातच म्हणाली, "यव्वा, लिफ्ट म्हणे बंद. नव्या घरात राहता काय किल्ल्यावर?" मग पाणी पिऊन मुद्द्यावर आली. "अण्णाचं वर्ष येतंय. विहारात त्या दिवशी भाषणं नकोत. त्याचं रविवारचं पुस्तक वाच. ते पाहुण्यांचं की गाडीचं होतं ना, ते."

"गाडीचं," मी म्हटलं. पाहुण्यांचं कुठलं, ते मला कळलं नाही. तिला विचारलंही नाही.

ते मला एकाहत्तराव्या पानावर कळलं.

त्या पानावर लेखक म्हणतात की साहित्य एका भाषेच्या मातीत खोल मुळं गेल्याशिवाय उगवत नाही. तिथपर्यंत ठीक आहे. देशाचं म्हणून जे इंग्रजीत मिरवलं जातं, त्याच्यावर त्यांचा राग आहे आणि तो मला पटतो. पण पुढे ते लिहितात की दोन भाषांच्या सीमेवर राहणारे लोक हे दोन्ही घरांतले पाहुणे. त्यांच्याकडून किस्से मिळतील, साहित्य मिळणार नाही.

मी ते वाक्य चार वेळा वाचलं. माझं कन्नड चुकत असेल म्हणून ऑफिसातल्या एका कन्नड मैत्रिणीला फोन केला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हौदु, तसंच लिहिलंय. सोडून दे गं."

त्या ओळीच्या समासात पेन्सिलीची लहान फुली होती.

तुमची फुली मी ओळखते. लहानपणी एकदा वर्कशॉपमध्ये कसलासा कार्यक्रम होता, तेव्हा तुम्ही मला आत नेलं होतं. डबा तपासताना खराब निघालेल्या भागावर तुम्ही खडूने फुली मारायचात. मी विचारलं होतं, फुली मारल्यावर काय करतात? तुम्ही म्हणालात, "काढायचा, दुसरा चांगला बसवायचा, आणि डबा सोडायचा. डब्याला थांबवून ठेवायचं नाही, माणसं वाट बघत असतात."

पुस्तकातही तुम्ही तेच करत होता! जिथे फुली, तिथला भाग काढलात आणि स्वतःचा बसवलात. पाहुण्यांचं वाक्य काढलं, कपलिंगचं बसवलं. समोर बसलेल्यांना काही कळलं नाही. संपूर्ण पुस्तकात अशा अकरा फुल्या आहेत. मी दोनदा मोजल्या.

आणि एकाहत्तराव्या पानात घडी घातलेलं एक कात्रण होतं. तीन वर्षांपूर्वी इथल्या मराठी मंडळींनी स्मरणिका काढली तेव्हा मी लेख दिला होता. त्यात तुमचं वाक्य चौकटीत मोठ्या अक्षरांत छापलं होतं. खाली कादंबरीकाराचं नाव. तुम्ही ते कापून, जिथे ते वाक्य असायला हवं होतं त्या पानात ठेवलं होतं. कात्रणावर फुली नव्हती. मी उलटसुलट करून पाहिलं.

तुम्ही ते छापलेलं बघून खूश झाला होता का? की गंमत वाटली? की वाईट वाटलं आणि तेही तुम्ही घडी घालून ठेवलंत? तिन्ही शक्य आहे. मला हवं ते उत्तर मी तुमच्या तोंडी घालू शकते, पण तेच तर तुम्ही त्या लेखकाच्या बाबतीत केलंत.

शनिवारी दुपारी मी आईला विचारलं. ती मेथी निवडत बसली होती.

"आई, अप्पा पुस्तकात नसलेलं वाचायचे, हे तुला माहीत होतं?"

"त्यांना वाचायला पुस्तक कधी लागलं गं?"

"म्हणजे माहीत होतं."

"शनिवारी माझ्यापुढे म्हणून बघितलेलं असायचं. भाकरी करताना. मी म्हणायची, हे लांबलं, तोडा. मग तोडायचे."

"मग स्वतःचं म्हणून का नाही सांगायचे?"

आईने मेथीची जुडी खाली ठेवली. "फिटरचं कोण ऐकतं? पुस्तकातलं म्हटलं की सगळे गप्प बसतात. पुस्तक हातात असलं की बोललेलं वाचलेलं होतं. तू तरी ऐकलं असतंस?"

मी तिने ठेवलेली जुडी उचलली आणि निवडायला लागले.

"उद्या काय वाचू?" मी विचारलं.

"त्यांचं वाच. वर्षाच्या दिवशी माणसाला खोटं पाडतात का?"

आई बरोबर बोलत होती. तरी मला ते जमेना. तुमचं वाक्य पुन्हा त्या लेखकाच्या नावावर वाचलं, तर ते मी तिसऱ्यांदा तुमच्याकडून काढून घेतल्यासारखं झालं असतं. आणि पुस्तकातलं खरं वाचलं, तर ज्यांनी वीस वर्षं तुमचं ऐकलं त्यांना आता कळणार की पुस्तक त्यांना पाहुणे म्हणत होतं आणि अण्णांनी ते लपवलं. मला स्वतःचीही शंका आली. हे सगळं खरेपणासाठी चाललंय, की माझा जुना निबंध चुकला ते मला धुऊन टाकायचंय? डायरीत मी हा प्रश्न लिहिला आणि खाली उत्तर लिहिलं, "दोन्ही." त्याहून प्रामाणिक उत्तर मला मिळालं नाही.

काल रविवार. वंदना झाली. तुमच्या फोटोला पांढऱ्या फुलांचा हार होता. वीस-पंचवीस माणसं असतील. जुनी मात्र सहा-सातच, बाकी त्यांची मुलंनातवंडं. कमळाक्का पुढे खुर्चीवर, काठी मांडीवर आडवी.

मी एकाहत्तरावं पान उघडलं. तुमच्यासारखं कन्नडातून सरळ मराठीत वाचता येत नाही मला, म्हणून आधीच कागदावर उतरवून नेलं होतं. मी खरं वाचलं. मातीचं वाचलं, मुळांचं वाचलं, आणि पाहुण्यांचंही वाचलं. एक शब्द गाळला नाही.

वाचून झाल्यावर मी मान वर केली.

मग कमळाक्का म्हणाली, "हे आधी नव्हतं त्यात."

मागे दोघं-तिघं हसले.

"आधीपासूनच होतं, अक्का. अप्पा हे सोडून वाचायचे. ते गाडीचं, कपलिंगचं, ते पुस्तकातलं नाही. ते अप्पांचं स्वतःचं होतं. मी ते दोनदा दुसऱ्याच्या नावावर लिहिलं, एकदा तर छापून आणलं. आज सगळ्यांसमोर सांगते, ते वाक्य अप्पांचं."

मला वाटलं होतं, आता कोणीतरी रडेल किंवा रागावेल.

"गाडी त्याची होती ते मला ठाऊक आहे," कमळाक्का म्हणाली. "माझी नात कॉलेजात होती तेव्हा तिने हे पुस्तक अण्णाकडून मागून नेलं होतं. मला वाचून दाखवायला लागली. मी म्हटलं, गाडी आली का? ती म्हणे, अज्जी, यात गाडीबिडी काही नाही, यात पाहुणे आहेत. मी म्हटलं, तुझं कन्नड कच्चं. मग अण्णाला जाऊन विचारलं. काय म्हणाला असेल?"

"काय?"

"म्हणाला, ती पानं चिकटली असतील."

अप्पा, सगळा विहार हसला! आई तोंडाला पदर लावून हसली. मीही हसले, आणि मग हसू आवरेना म्हणून पुस्तक तोंडासमोर धरलं.

हसणं थांबल्यावर कमळाक्काने काठी जमिनीवर टेकवली. आवाज बदलला तिचा.

"पण हे त्याने करायला नको होतं. गाडीचं सांगितलं ते चांगलंच केलं. पण तो लेखक आपल्याला पाहुणे म्हणाला, हे त्याच वेळी सांगायचं. आम्ही काय ऐकून मेलो असतो? मी भांडले असते. पस्तीस वर्षं मी या गावाचे रस्ते झाडलेत. पाहुण्याच्या हातात कुणी झाडू देतं का? विचार की त्यांना. पाहुण्याला बसायला देतात, चहा देतात. मला कुणी चहा दिला?"

मागून एका बाईने, मला वाटतं तिच्या सुनेने, हळूच म्हटलं, "खरं आहे."

मी पुस्तकावर कागद ठेवून ते तिथल्या तिथे लिहून घेतलं. "पाहुण्याच्या हातात कुणी झाडू देतं का?" खाली नाव लिहिलं, कमळाक्का. तिने विचारलं, काय खरडतेस? मी म्हटलं, तुमचं वाक्य. ती म्हणाली, "माझं कसलं वाक्य? मी बोलले नुसती."

तुम्ही त्या लेखकाला आमच्यासाठी दुरुस्त केलंत, अप्पा. आम्हाला ठेच लागू नये म्हणून खराब भाग काढलात. पण त्यामुळे कमळाक्काचं उत्तर वीस वर्षं निघालंच नाही. ते तुमच्या कपलिंगपेक्षा चांगलं आहे, हे तुम्हीच कबूल केलं असतं. तुमचा माझ्यावर विश्वास नव्हता असं मी कधी म्हणणार नाही. पण समोर बसलेल्यांच्या अंगात किती ताकद आहे, हे तुम्ही कमी धरलंत. डबा थांबवायचा नव्हता, मान्य. निदान फुली तरी दाखवायची होती.

घरी आल्यावर आई थेट स्वयंपाकघरात गेली. रात्रीच्या भाकऱ्या काल तिनेच केल्या, मला परातीला हात लावू दिला नाही. जेवताना एवढंच म्हणाली, "हसले सगळे. बरं झालं." तिने मला माफ केलं की नाही ते कळलं नाही. तिला विचारलं तर म्हणेल, कशाबद्दल?

आणखी एक कबुली राहिली. ही उलटी आहे.

तुम्ही मला चिडवायला नेहमी म्हणायचात, "शेजाऱ्याची भाषा नुसती बोलता आली की अर्धा देश, वाचता आली की पुरा." तुमच्या शोकसभेत मी ते तुमचं वाक्य म्हणून सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. एकाने दुसऱ्या दिवशी मोबाईलवर तुमच्या फोटोखाली ते टाकलं. अप्पा, ते तुमचं नाही! ते शंभराव्या पानाच्या आसपास आहे, कन्नडमध्ये, त्या लेखकाचं. तुम्ही खाली ठळक रेघ ओढली आहे.

म्हणजे तुमचं मी त्यांना दिलं आणि त्यांचं तुम्हाला. हे वाचून मी स्वयंपाकघरात उभी राहून एकटीच हसले. आणि त्या लेखकावरचा माझा निम्मा राग तिथेच गेला. ज्या माणसाने हे लिहिलं त्यानेच पाहुण्यांचंही लिहिलं. तुम्ही हे वाक्य जपलंत, आयुष्यभर मला ऐकवलंत, आणि ते दुसरं काढून टाकलंत. अळणावरच्या स्टेशनची पाटी बघून, वरचं कन्नड नाव आणि खालचं नागरीतलं नाव अक्षराला अक्षर जुळवून जो मुलगा कन्नड वाचायला शिकला, त्याला हे वाक्य किती आपलं वाटलं असेल! आणि दुसरं वाक्य वाचून काय वाटलं असेल? बोट तिथे किती वेळ थांबलं असेल? फुली लहान आहे, पण पेन्सिल कागदात रुतली आहे. मागच्या पानावर हात फिरवला तर लागते.

आज सकाळी मी दोन कामं केली. स्मरणिकेच्या संपादकांना लिहून कळवलं की चौकटीतलं वाक्य माझ्या वडिलांचं आहे, चूक माझी आहे, पुढच्या अंकात तसं छापावं. तुमचं पूर्ण नाव लिहिलं आणि पुढे 'फिटर' लिहिलं. सर आता थकले आहेत, त्यांनाही फोन केला. त्यांनी ते वाक्य मला पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे मी वडिलांना कादंबरीकार म्हणालो होतो की!" आणि पुन्हा तसेच हसले.

दुसरं काम, एकाहत्तराव्या पानात मी एक चिठ्ठी चिकटवली. त्यात तुमचं वाक्य, खाली तुमचं नाव. त्याच्या खाली कमळाक्काचं वाक्य, तिचं नाव. त्या लेखकाचं वाक्य छापलेलंच आहे, त्याला मी हात लावला नाही. पुस्तक आता आपल्या कपाटात नाही, विहाराच्या कपाटात राहील. कव्हर मात्र तेच.

उरलेल्या दहा फुल्यांपैकी सहा ठिकाणी तुम्ही काय म्हणाला होता ते माझ्या लहानपणच्या डायऱ्यांत मिळालं. एक कमळाक्काला आठवलं, एक आईला. दोन ठिकाणी तुम्ही काय बसवलं होतं ते आता कोणालाच सांगता येत नाही. मी सगळ्या जुन्यांना विचारलं.

म्हणून हे वचन देते. हे पुस्तक मी विहारात पहिल्या पानापासून वाचेन, कन्नड पानावर बोट ठेवून, अडखळत का होईना, एकही ओळ न गाळता. फुली आली की थांबेन. आधी त्यांचं वाचेन, मग "आता अप्पा" असं म्हणून तुमचं सांगेन, मग समोरच्यांना विचारेन की तुमचं काय. आणि त्या दोन फुल्यांपाशी, कितीही मोह झाला तरी, तुमच्या नावावर माझं काही बसवणार नाही. तिथे एवढंच म्हणेन, इथे अप्पा काहीतरी बोलले होते, आणि मी ते लिहून घेतलं नाही.

अजूनही बोट ठेवूनच वाचणारी,
तुमची
सुजे